पावसाळ्यात पहाटे पडणारा ईएलसीबी आणि निर्दोष गीझर

नाशिकमधल्या आमच्या इंदिरानगरच्या घरात सलग तीन पावसाळे एकच तक्रार होती. झड लागून दोन-तीन दिवस झाले, की पहाटे साडेपाच ते सातच्या दरम्यान ईएलसीबी, म्हणजे विजेची गळती होताच घराचा पुरवठा तोडणारे बोर्डातले साधन, पडायचा. आईच्या अंघोळीसाठी गीझर लावला, की कधी लगेच तर कधी दहा मिनिटांनी ‘खट्’ असा आवाज व्हायचा आणि सगळे घर अंधारात जायचे. दांडी वर केली की ती एखाद्या वेळी टिकायची, एखाद्या वेळी हातातच खाली यायची. उघडीप मिळून दोन दिवस ऊन पडले, की ही तक्रार आपोआप नाहीशी व्हायची आणि पुढच्या झडीपर्यंत कोणाला तिची आठवणही राहायची नाही.

मी स्वतः तीस वर्षे अंबडच्या एका कारखान्यात विद्युत देखभालीचे काम केले आहे. ४१५ व्होल्टच्या पॅनेलमधला दोष शोधताना मी जी शिस्त पाळत असे, ती घरी मात्र एकदाही पाळली नाही, हे आधीच कबूल करतो. गीझर लावला की ईएलसीबी पडतो, म्हणजे गीझर खराब, इतका सरळ निष्कर्ष वायरमनने काढला आणि मीही तो मानला. पहिल्या वर्षी गीझरचे एलिमेंट बदलले, दुसऱ्या वर्षी पुन्हा बदलले. तिसऱ्या वर्षी मी गावाला गेलो असताना नेहमीचा वायरमन आला नाही, म्हणून घरच्यांनी दुसऱ्याला बोलावले. त्याने ‘काकू, आता त्रास होणार नाही’ असे सांगून ईएलसीबीच्या वरच्या आणि खालच्या तारा थेट जोडून दिल्या. त्रास खरोखरच थांबला. मी परत येईपर्यंत आठ दिवस ओल्या न्हाणीघरात सगळे जण कोणत्याही संरक्षणाशिवाय गीझर वापरत होते. ‘डायरेक्ट करून देणे’ हा प्रकार आपल्याकडे इतका सर्रास चालतो, की ज्या शहराच्या अंबड-सातपूर पट्ट्यात स्विचगिअर, म्हणजे वीज जोडण्या-तोडण्याचे साहित्य, तयार होते, त्याच शहरातल्या किती घरांत ते नुसते शोभेला बसवलेले असेल, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

दोष शेवटी सापडला, पण तो गीझरमध्ये नव्हता आणि न्हाणीघरातही नव्हता. तो कसा सापडला हे सविस्तर लिहितो, कारण पावसाळ्यात पडणाऱ्या ईएलसीबीच्या बहुतेक तक्रारी याच पद्धतीने उलगडता येतात.

ईएलसीबी नेमके काय मोजतो

आपण बोलताना ज्याला ईएलसीबी म्हणतो, तो आज बहुतेक घरांत प्रत्यक्षात आरसीसीबी असतो. खरा जुना ईएलसीबी अर्थिंगच्या तारेवरचा व्होल्टेज पाहून चालत असे. आजचे साधन मात्र प्रवाहांतला फरक पाहते. नाव जुनेच रूढ झाले आहे, त्यामुळे इथेही तेच वापरतो. या साधनाच्या आत एक लोखंडी कडे असते आणि घराची फेज व न्यूट्रल या दोन्ही तारा त्या कड्यातून जातात. फेजवाटे जितका प्रवाह घरात जातो तितकाच न्यूट्रलवाटे परत आला, तर दोघांचे परिणाम एकमेकांना खोडून टाकतात आणि कड्याला काहीच जाणवत नाही. त्यातला थोडा प्रवाह दुसऱ्या वाटेने, म्हणजे ओल्या भिंतीतून, यंत्राच्या पत्र्यातून किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत गेला, तर परत येणारा प्रवाह तेवढा कमी भरतो. हा फरक मर्यादेपलीकडे गेला की दांडी खाली येते. घरगुती साधनाची ही मर्यादा ३० मिलिअँपिअर असते. मानकाप्रमाणे त्याने १५ मिलिअँपिअरपर्यंत पडू नये आणि ३० ला पडलेच पाहिजे. म्हणजे या दोहोंच्या मधे कुठेही ते पडू शकते.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी, की ईएलसीबीला जादा भार कळत नाही आणि साधा शॉर्टही कळत नाही. ते काम एमसीबीचे आहे, म्हणून दोन्ही साधने लागतात. दुसरी गोष्ट आमच्या प्रकरणात निर्णायक ठरली. ईएलसीबी फेज आणि न्यूट्रल यांच्यात भेदभाव करत नाही. गळती न्यूट्रलच्या तारेतून झाली तरीही तो पडतो. आपल्याकडचे साधे एमसीबी आणि भिंतीवरची बटणे केवळ फेज तोडतात. एखादा दिवा बटणाने बंद केला तरी त्याची न्यूट्रल तार मुख्य न्यूट्रलला जोडलेलीच राहते, आणि ती कुठे ओल्या लोखंडाला टेकत असेल तर तिथली गळतीही चालूच राहते. ‘तो दिवा तर बंदच होता’ या वाक्याला दोषशोधनात काहीही किंमत नाही, हे मला घरच्या बोर्डासमोर उभे राहून नव्याने शिकावे लागले.

वहीतल्या नोंदी

गावाहून परतल्यावर सर्वांत आधी मुख्य स्विच बंद करून ईएलसीबीची जोडणी पूर्ववत करून घेतली. मग बोर्डाशेजारी खिळ्याला एक शाळकरी वही टांगली. ईएलसीबी पडला की वेळ, पाऊस होता की नव्हता, त्या क्षणी काय चालू होते आणि दांडी वर केल्यावर ती टिकली का, इतकेच लिहायचे, असे घरातल्या सगळ्यांना सांगितले. हा उपाय वायरमनला बोलावण्याआधी प्रत्येकाने करावा असे मी आग्रहाने सांगेन. वायरमन येतो तेव्हा सहसा ऊन पडलेले असते, दोष दडून बसलेला असतो, आणि त्याच्यापुढे अंदाज बांधण्यापलीकडे मार्ग नसतो.

बारा दिवसांत वहीत नऊ नोंदी झाल्या. त्यांतल्या सात पहाटेच्या आणि गीझरच्या होत्या. उरलेल्या दोन मात्र वेगळ्या होत्या. एका संध्याकाळी गीझर बंद असताना, पाण्याची मोटर लावताक्षणी ईएलसीबी पडला होता. आणखी एकदा दुपारी, पाऊस चालू असताना, सूनबाई इस्त्री करत होती आणि ओव्हनही चालू होता, तेव्हा तो पडला होता. गीझर, मोटर, ओव्हन, इस्त्री ही सगळी उपकरणे एकाच वेळी खराब झालेली असणे शक्य नव्हते. या सगळ्यांत समान होती ती एकच गोष्ट, ती म्हणजे मोठा भार.

त्यानंतरची परीक्षा कोणालाही करता येण्याजोगी आहे. मात्र हात कोरडे असावेत, पायांत रबरी चपला असाव्यात आणि बोर्डाचे झाकण उघडू नये. झड चालू असताना एका सकाळी गीझरचा प्लग सॉकेटमधून पूर्ण उपसून काढला. नुसते बटण बंद करून चालत नाही, कारण वर सांगितल्याप्रमाणे न्यूट्रल जोडलेली राहते. मग हॉलमध्ये, म्हणजे पूर्णपणे वेगळ्या सर्किटवर, १००० वॅटची इस्त्री आणि स्वयंपाकघरात १५०० वॅटची केटली एकदम लावली. वीस सेकंदांत बोर्डातून तोच ओळखीचा आवाज आला. आई देवघरातून म्हणाली, ‘आता रे कशाने गेली?’ मी मात्र समाधानाने हसत होतो, कारण गीझरची त्या क्षणी निर्दोष सुटका झाली होती.

असे का होते, याचा हिशेब सोपा आहे. २ किलोवॅटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह ओढतो. हा प्रवाह न्यूट्रलवाटे रस्त्यावरच्या विजेच्या खांबापर्यंत परत जाताना तारेच्या रोधामुळे घरातल्या न्यूट्रलचा व्होल्टेज जमिनीच्या तुलनेत दोन-अडीच व्होल्टने वर उचलला जातो. पहाटे सबंध गल्लीत गीझर चालू असल्याने त्यात आणखी भर पडू शकते. आता घरात कुठेतरी न्यूट्रलची तार ओल्या लोखंडाला टेकलेली आहे आणि तिथून जमिनीपर्यंतच्या वाटेचा रोध शंभर ओहम आहे असे धरू. अडीच व्होल्टला शंभर ओहमने भागले की २५ मिलिअँपिअर येतात, आणि ईएलसीबी पडायला तेवढे पुरतात. भार नसताना न्यूट्रलवर अर्धाच व्होल्ट असेल तर तीच गळती ५ मिलिअँपिअरवर येते आणि दांडी टिकते. म्हणूनच रात्रभर काही होत नसे आणि पहिला गीझर लागला की पडझड सुरू होई.

न्यूट्रलचा दोष ओळखण्याची खूण म्हणून हे लक्षात ठेवावे. भार कोणत्याही सर्किटवर लावला तरी ईएलसीबी पडत असेल, तर दोष त्या उपकरणात नसून बहुधा न्यूट्रलच्या तारेत असतो. सगळे एमसीबी खाली पाडूनही ईएलसीबी टिकत नसेल, तर एकतर न्यूट्रलची गळती मोठी आहे किंवा साधनच बिघडलेले आहे. उलट, एमसीबी एकेक करून वर करताना विशिष्ट एकाच एमसीबीला तो दरवेळी पडत असेल, तर दोष त्या सर्किटच्या फेजकडच्या बाजूला शोधावा. त्यातही सर्व प्लग उपसल्यावर तो टिकला तर दोष उपकरणाचा, आणि तरीही पडला तर भिंतीतल्या वायरिंगचा मानावा.

बादलीभर पाणी

इथून पुढचे काम घरमालकाचे नाही. मला ते येत असूनही मी परवाना असलेल्या एका जुन्या ओळखीच्या वायरमनला बोलावले. एक तर मेगर त्याच्याकडे होता, आणि दुसरे म्हणजे अशा कामात हातांच्या दोन जोड्या लागतातच. मुख्य स्विच बंद केला, सर्व प्लग काढले, इन्व्हर्टर त्याच्या बॅटरीसह वेगळा केला आणि टेस्टरने खात्री केल्यावर न्यूट्रल लिंकवरची, म्हणजे सगळ्या न्यूट्रल तारा जिथे एकत्र येतात त्या पट्टीवरची, प्रत्येक तार सोडवून तिला चिकटपट्टीने क्रमांक लावला. मेगर हे ५०० व्होल्ट डीसी देऊन तारेच्या आवरणाचा रोध मोजणारे यंत्र आहे. एलईडी दिवे, पंख्यांचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, दारावरची घंटा अशा नाजूक गोष्टी आधी सोडवल्या नाहीत तर त्या खराब होऊ शकतात, म्हणून या तयारीलाच तासभर गेला.

सात न्यूट्रल तारांपैकी सहांचा काटा शंभर मेगओहमच्या पलीकडे गेला. सातवीचा दोनवर थांबला. वीज नियमांनुसार किमान एक मेगओहम रोध लागतो, त्यामुळे त्या हिशेबाने ही तारही उत्तीर्ण होती. पण सहा जणी शंभरात आणि एकच दोनवर, म्हणजे संशय तिच्यावरच. त्या दिवशी सकाळपासून ऊन होते. ही तार कंपाउंडच्या फाटकाशेजारी असलेल्या लोखंडी खांबावरच्या दिव्याची होती. तो दिवा रात्री अकराला बंद होत असे आणि महिन्यातून निम्मे दिवस लावलाही जात नसे. वायरमन म्हणाला, ‘दादा, एक बादली पाणी आणा.’ त्याने ते सावकाश, पागोळीसारखे, खांबाच्या डोक्यावरून आणि मग बुडाशी ओतले. मी मेगर पाहत होतो. दोन-तीन मिनिटे काही झाले नाही, मग काटा एकावर आला, अर्ध्यावर आला आणि शून्याला जाऊन चिकटला.

खांबाचे झाकण उघडल्यावर सगळे स्पष्ट दिसले. घर बांधताना केबल आखूड पडली होती, म्हणून खांबाच्या आतच दोन तुकडे पिळून जोडले होते आणि त्यावर कापडी टेप गुंडाळली होती. इतक्या वर्षांत टेपचा डिंक वितळून गेला होता आणि ती सापाच्या कातीसारखी सुटून लोंबत होती. फेजच्या जोडावर निदान एक वेढा शिल्लक होता. न्यूट्रलच्या जोडाचे तांबे पूर्ण उघडे होते, त्यावर हिरवट बुरशी चढली होती, आणि तो खांबाच्या आतल्या गंजलेल्या बाजूला टेकून बसला होता. बुडाशी मुंग्यांनी आणलेल्या मातीचा ढीग पाण्याने भिजून लगदा झाला होता. खांबाला अर्थिंगची तारही जोडलेली होती. एरवी ते उत्तमच, पण इथे त्या तारेमुळेच न्यूट्रलला जमिनीत जायला सोपी वाट मिळाली होती. न्यूट्रलच्या त्या जोडाकडे पाहताना फेजच्या जोडावरचा एकुलता एक वेढाही मला दिसत होता. तो गेला असता तर गल्लीतली मुले क्रिकेट खेळताना ज्या खांबाचा स्टंप करतात, त्यात पूर्ण २३० व्होल्ट आले असते, आणि ईएलसीबी ‘डायरेक्ट’ असता तर ते तोडायला दुसरे काही नव्हते.

दुरुस्तीत जोड पुन्हा गुंडाळण्याचा प्रश्नच नव्हता. जुनी केबल काढून टाकली आणि दीड चौरस मिलिमीटरची, तांब्याची, तीन तारांची अखंड केबल पीव्हीसी पाइपातून नेली. जोडणीची पेटी पाण्याला प्रतिबंध करणारी, आयपी ६५ दर्जाची घेतली आणि ती जमिनीपासून कमरेइतक्या उंचीवर बसवली. केबल पेटीत खालच्या बाजूने घेतली, कारण वरून घेतली तर पावसाचे पाणी केबलवरून ओघळत थेट पेटीत उतरते. बाहेरच्या दिव्यांसाठी फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा डबल पोल स्विच बसवला. त्याच वेळी बाहेरच्या लाइनला स्वतंत्र आरसीबीओ (एमसीबी आणि ईएलसीबी या दोन्हींचे काम करणारे साधन) दिला, म्हणजे पुढेमागे बाहेर गळती झाली तरी तेवढी एकच लाइन जाईल, घर अंधारात जाणार नाही. मला विचाराल तर घराबाहेरची लाइन आणि न्हाणीघराची लाइन या दोहोंना स्वतंत्र संरक्षण देणे हा नव्या बोर्डावरचा सर्वांत सार्थकी लागणारा खर्च आहे.

इतर संशयित

प्रत्येक घरात दोष खांबाच्या दिव्यातच सापडेल असे नाही. गीझरही कधी कधी खराच दोषी असतो. शहराला गंगापूर धरणाचे पाणी येते, पण बऱ्याच वसाहतींत उन्हाळ्यात बोअरचे पाणी मिसळले जाते, आणि ते जड असेल तर एलिमेंटवर क्षार साचतात. एलिमेंटच्या नळीला बारीक छिद्र पडले की आतली मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ओल शोषते आणि गळती सुरू होते. मात्र या दोषाची खूण वेगळी आहे. तो ऊन-पाऊस पाहत नाही, आणि प्लग उपसला की तक्रार पूर्ण थांबते.

इन्व्हर्टर हा दुसरा मोठा संशयित आहे, आणि इथे चूक जवळजवळ नेहमी जोडणीची असते. इन्व्हर्टरची फेज ईएलसीबीच्या आधीच्या बाजूने घेतलेली असते आणि त्यावरच्या दिव्या-पंख्यांची न्यूट्रल मात्र ईएलसीबीनंतरच्या लिंकवर बसवलेली असते. प्रवाह बाहेरच्या वाटेने आत येतो आणि कड्यातून परत जातो, त्यामुळे साध्या दोन पंख्यांनीही ईएलसीबी पडतो. इन्व्हर्टर बसवल्या दिवसापासून तक्रार सुरू झाली असेल तर दुसरे काही शोधण्याआधी हेच पाहावे. सिडकोतल्या मूळच्या छोट्या घरांवर पुढे एकेक मजला चढत गेला, तशी खालच्या मजल्याची न्यूट्रल वरच्याने उसनी घेतल्याचीही उदाहरणे मी पाहिली आहेत. दोन मजल्यांना दोन ईएलसीबी बसवले, की ही उसनवारी उघडी पडते.

ज्या घरात संगणक, टीव्ही, एलईडी दिवे आणि चार्जर पुष्कळ आहेत, तिथे एकही वस्तू खराब नसताना ईएलसीबी पडू शकतो. या उपकरणांतल्या फिल्टरमधून थोडा प्रवाह अर्थिंगमध्ये जातच असतो. एकेका उपकरणाचा वाटा मिलिअँपिअरच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो, पण सगळ्यांची बेरीज दहा-बारापर्यंत गेली की भिंतीतली थोडी ओलही निमित्ताला पुरते. अशा वेळी दुकानदार १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचे साधन सुचवतो. ते घेऊ नये. ३०० चे साधन आगीपासून संरक्षणासाठी असते, माणसाला वाचवण्यासाठी नव्हे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक विनियम २०१० मध्ये आले आणि २०२३ मध्ये त्यांच्या जागी नवे आले. त्यांत घरगुती जोडणीसाठी ३० मिलिअँपिअरचीच मर्यादा आहे. योग्य उपाय म्हणजे सर्किटे विभागून दोन ईएलसीबी बसवणे. नवीन घेताना त्यावर आयएस १२६४० ही खूण पाहावी, आणि घरात इन्व्हर्टर एसी किंवा नव्या पद्धतीचे वॉशिंग मशीन असेल तर ‘ए’ प्रकारचा घ्यावा.

गच्चीतून झिरपणारे पाणी छतातल्या पाइपात उतरणे आणि पश्चिमेकडच्या, पावसाचा मारा झेलणाऱ्या भिंतीत स्विचबोर्ड असणे, ही कारणे सर्वश्रुत आहेत. तिथे वायरिंगच्या आधी पाण्याची गळती थांबवावी, नाहीतर नवी तारही चार वर्षांत जुनी होते. गोदाकाठच्या घरांची गोष्ट मात्र वेगळी आहे. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदाघाटावरची दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती पाण्याखाली गेली, तेव्हा काठावरच्या अनेक घरा-दुकानांत पाणी शिरले होते. पुराच्या गाळात बुडालेला एमसीबी किंवा ईएलसीबी वाळवून पुन्हा वापरू नये. वरून तो स्वच्छ दिसला तरी आतली यंत्रणा गाळाने अडकलेली असू शकते आणि ऐन वेळी ती हलणार नाही.

अर्थिंगविषयी

ईएलसीबी असला की अर्थिंगची गरज नाही, असे सांगणारे भेटतात. तांत्रिकदृष्ट्या ईएलसीबी अर्थिंगशिवायही पडतो, हे खरे आहे. पण मग गळणाऱ्या प्रवाहाला जमिनीत जायला दुसरी वाट नसते आणि ती वाट होण्याचे काम उपकरणाला हात लावणाऱ्या माणसाच्या वाट्याला येते. अर्थिंग नीट असेल तर गळती सुरू होताक्षणी, कोणी हात लावण्याआधीच दांडी पडते. नाशिकची जमीन या बाबतीत कुरकुर करणारी आहे. वर थोडी माती किंवा मुरूम आणि खाली काळा पाषाण, त्यामुळे चैत्र-वैशाखात खड्डा कोरडा पडला की रोध वाढतो. आयएस ३०४३ या मानकाप्रमाणे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपाचा इलेक्ट्रोड किमान ३८ मिलिमीटर व्यासाचा आणि अडीच मीटर लांबीचा हवा आणि तो इमारतीपासून दीड मीटर तरी दूर असावा. हात-दीड हात सळई ठोकून वर सिमेंट लावले की अर्थिंग झाले असे मानणाऱ्यांना हे आकडे मुद्दाम ऐकवावेत. उन्हाळ्यात खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावे.

दोन पळवाटा कटाक्षाने टाळाव्यात. जुन्या वाड्यांत अर्थिंगची तार नळाच्या पाइपाला बांधलेली आढळते. पाइप लोखंडाचे होते तोवर ते कसेबसे चालून जात असे, पण मधला तुकडा प्लॅस्टिकचा झाला की ती तार निरुपयोगी होते, आणि गळती झाली तर नळाची तोटी झटका देऊ लागते. दुसरी पळवाट त्याहून घातक आहे. सॉकेटच्या आतच न्यूट्रलपासून अर्थच्या पिनेपर्यंत तारेचा छोटा तुकडा टाकून ‘अर्थिंग दिले’ असे सांगितले जाते. मागे कुठे न्यूट्रल तुटली तर फ्रिजच्या आणि वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर थेट २३० व्होल्ट येतात.

वायरमनकडून काम करून घेताना परवाना पाहावा आणि काम झाल्यावर मेगरचे व अर्थिंगचे आकडे कागदावर लिहून घ्यावेत. तोंडी ‘ओके आहे’ यावर समाधान मानू नये. ईएलसीबीवरचे ‘टेस्ट’ हे बटण महिन्यातून एकदा दाबावे. दाबूनही दांडी पडली नाही तर साधन त्याच दिवशी बदलावे. या बटणाने फक्त साधनाची यंत्रणा तपासली जाते, अर्थिंग नव्हे, एवढे भान ठेवावे. आमच्याकडे हे काम संकष्टीला होते, कारण तो दिवस आई विसरत नाही.

आमची वही अजून खिळ्याला आहे. खांबाची केबल बदलल्यानंतर दोन पावसाळे गेले. त्यांत एकच नोंद आहे, तीही विजांच्या कडकडाटातली, आणि दांडी वर केल्यावर ती टिकली होती. मागच्या दिवाळीत माळा आवरताना वर्तमानपत्रात गुंडाळलेली गीझरची दोन जुनी एलिमेंटे सापडली. वायरमन त्या दिवशी आकाशकंदिलाच्या वायरसाठी आलाच होता आणि मेगर त्याच्या पिशवीत होता. दोन्हींचा काटा शंभराच्या पलीकडे गेला.